भूकंप किती जवळ होता?

परभणी जिल्ह्यातल्या पालमहून किल्लारी सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी असताना जो भूकंप झाला, तो दोन्हीकडच्या जमिनीखालून गेला. परभणी जिल्ह्यात माणसे दचकून उठली, अंगणात आली, एकमेकांना विचारू लागली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, होळी, राजेगाव या गावांत अनेकांना विचारायला उठताच आले नाही. गणपती विसर्जनाची रात्र, दमून झोपलेली गावे आणि डोक्याशी दगडमातीच्या भिंती. भूकंप एकच, त्याचा आकडाही एकच: ६.२ म्हणा, काहींच्या मोजणीने ६.४.

तरीही आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती रिश्टरचा? मराठी मुलखातल्या भूकंपांच्या बातम्या, आठवणी आणि बरेचसे लेखन याच आकड्याभोवती फिरत आले आहे. हा आकडा भूकंपाच्या मुळाशी किती ऊर्जा सुटली ते सांगतो. तुमच्या घराच्या पायापर्यंत काय पोचले, ते त्यात नसते. त्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: भूकंप जमिनीखालच्या ज्या भेगेवर झाला ती घरापासून किती दूर होती? महाराष्ट्रात गेल्या साठ वर्षांत हा प्रश्न दोनदा फार मोठ्याने विचारला गेला. एकदा त्याचे उत्तर यंत्राने लिहून ठेवले. दुसऱ्यांदा ते ढिगाऱ्यांतून शोधावे लागले.

पहिला प्रसंग कोयनेचा. धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि पाटण-हेळवाकच्या बाजूला जमिनीतून गडगडाट व बारीक धक्के सुरू झाले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपमापक बसवले. दख्खनचे पठार म्हणजे अचल खडक, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असे तेव्हा पाठ्यपुस्तके सांगत आणि अभियंतेही तसेच मानत. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरचा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांत, ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ चा. कोयनानगरची बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे दोनशे माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली. वीजनिर्मिती बंद पडली आणि मुंबईच्या कारखान्यांपर्यंत त्याचा फटका पोचला.

धरणाच्या पोटात पाहणीसाठी बोगद्यासारख्या गॅलऱ्या असतात. त्यांतल्या एकीत एक त्वरणमापक बसवलेला होता. हे यंत्र एरवी निपचित पडून असते. जमीन ठराविक जोराच्या वर हलली की जागे होते, नोंदीची पट्टी फिरू लागते आणि जमिनीच्या थरथरीची रेघ तिच्यावर उमटते. त्या पहाटे ते जागे झाले. जोराची थरथर काही सेकंदांचीच होती. धरणाच्या लांबीच्या दिशेने तिचा सर्वांत मोठा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ४९ टक्के आणि उभ्या दिशेने ३४ टक्के. भूकंपाच्या भेगेजवळ मिळालेल्या अशा नोंदी तोवर जगात मोजक्याच होत्या. भूकंपप्रवण म्हणून प्रसिद्ध असलेल्या जपान-कॅलिफोर्नियाच्या पंक्तीत सह्याद्रीतले एक धरण जाऊन बसले.

धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी गृहीत धरलेला जोर होता ५ टक्के. आराखड्यातला गुणांक आणि यंत्रावरचे क्षणभराचे शिखर यांची सरळ तुलना अभियंते करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ५ आणि ६३ हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘इथे काही होणार नाही’ या समजुतीचे माप मिळते.

१०३ मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले. मात्र माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीवर उंच भागांना पुढून आणि मागून आडव्या चिरा गेल्या. जलाशय तेव्हा जवळजवळ भरलेला होता. चिरा तिथेच का पडल्या याचा उलगडा पुढे बर्कलीच्या अनिल चोप्रा यांनी आपल्या सहकाऱ्यासह केलेल्या गणिताने झाला. धरणासारखी जड, ताठ वस्तू सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात एक झोका पुरा करते. भेगेजवळच्या हादऱ्यात नेमकी अशीच भरभर होणारी थरथर भरलेली असते. दोन्हींची लय जुळली आणि जिथे आकार अचानक बारीक होतो तिथे काँक्रीटवर ताण आला. काँक्रीट दाब भरपूर सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. चिरा बुजवल्या, पोलादी केबलींनी धरण आवळले, पुढे मागच्या बाजूला काँक्रीटचे भक्कम टेकू उभे केले. आज जगात कुठेही काँक्रीट धरणाच्या भूकंप-विश्लेषणाची नवी पद्धत निघाली की ती आधी कोयनेच्या त्या काही सेकंदांच्या रेघेवर तपासून पाहतात.

एवढी मोठी शिकवण हाती आली होती. पण पुढची वीस-पंचवीस वर्षे आपल्याकडे वाद रंगला तो धरणातल्या पाण्याने भूकंप होतो की नाही यावर. तो वाद महत्त्वाचाच होता, आणि कोयना त्यासाठी जगभर अभ्यासली जाते. मात्र त्या गर्दीत दुसरा प्रश्न मागे पडला: भेगेपासून पाच-दहा किलोमीटरवर सामान्य माणसाच्या दगडी घराचे काय होते? तो प्रश्न धरणवाल्यांपुरता राहिला. बांधकामाच्या भूकंपविषयक भारतीय मानकात, म्हणजे आयएस १८९३ मध्ये, कोयनेचा परिसर वरच्या श्रेणीत गेला. मराठवाड्यातला किल्लारीचा भाग मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे ‘झोन एक’मध्ये, होता तिथेच राहिला.

भेगेजवळ हादरा वेगळा का असतो हे समजले की किल्लारी समजते. जमिनीखाली काही किलोमीटर खोल खडकाची एक जुनी भेग असते. तिच्या दोन बाजू अडकून बसलेल्या असतात. ताण साचत जातो आणि एके क्षणी ती एका टोकापासून सुटू लागते. सुटणे सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने भेगेवरून धावते आणि धावताना प्रत्येक ठिकाणाहून लहरी सोडत जाते. दूरच्या गावापर्यंत येता येता या लहरींतली भरभर थरथर खडक खाऊन टाकतो, उरते ती हलकी, लांब झुलण्यासारखी हालचाल. म्हणून दूरच्या शहरात पंखे आणि दिवे झुलतात, भिंती तडकत नाहीत. भेगेजवळ खडकाला ती थरथर खायला अंतरच मिळत नाही.

वेळेचाही हिशेब आहे. आधी पोचणारी लहर हलकी आणि वेगवान असते, मोडतोड करणारी आडवी लहर तिच्यामागून येते. दोन्हींमधले अंतर दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंदाने वाढते. म्हणजे १९९३ च्या त्या पहाटे पालमच्या परिसरात पहिल्या कंपानंतर जोराचा हेलकावा यायला बारा ते पंधरा सेकंद मिळाले असतील. झोपलेला माणूस उठून उंबरा ओलांडू शकतो एवढे. किल्लारीत हा अवधी जेमतेम एक सेकंदाचा. उभा धक्का आणि आडवा धक्का जवळजवळ एकत्रच आले.

तिसरी गोष्ट अधिक कपटी. भेग ज्या दिशेने सुटत जाते त्या दिशेच्या गावांना हादरा वेगळाच बसतो. गोदावरीत होडी चालली की तिच्या नाकाडापुढे लाटा दाटतात आणि मागे विरळ होतात, तसे. सुटण्याचा वेग लहरींच्या वेगाच्या जवळपास असल्याने पुढच्या बाजूला त्या एकावर एक चढतात आणि सगळी ऊर्जा एकाच मोठ्या, लांब झटक्यात येऊन आदळते. मागच्या बाजूच्या गावाला तीच ऊर्जा अधिक वेळ, पण सौम्यपणे मिळते. भेग तिरकी असेल तर तिच्या वरच्या अंगाला असलेल्या जमिनीवर धक्का आणखी जोराचा बसतो. आणि भेग जमिनीच्या पाठीवर उघडली तर जमीन हलून परत जागेवर येत नाही. एक बाजू कायमची वर किंवा पुढे सरकलेली राहते. तिच्यावर घर, पूल किंवा कालवा असेल तर कितीही लोखंड घाला, तो तुटतोच.

किल्लारीजवळ जमिनीच्या पाठीवर हे दिसले. भूकंपानंतर आलेल्या भूशास्त्रज्ञांना गावाच्या पश्चिमेला शेतात तुटक उंचवटे सापडले, कुठे कुठे पाऊण मीटरपर्यंत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे खोल विंधन घेतले. काळा पाषाण ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन खडक. भूकंपाचे केंद्र फक्त काही किलोमीटर खोल होते. ‘उथळ भूकंप’ हे शब्द वर्तमानपत्रात वाचताना निरुपद्रवी वाटतात. त्यांचा अर्थ एवढाच की भेगेपासून माणसाचे अंथरूण फार जवळ होते.

याआधी काही चाहूल होती का? होती. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारी परिसराला बारीक धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांतला मोठा. मग ते थांबले. आणि त्याहून फार जुनी चाहूल तेरला होती. प्राचीन तगर, जिथून माल भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, त्या तेरमध्ये पुढे सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका भूकंपाच्या खुणा शोधल्या. तेर किल्लारीपासून फार लांब नाही. हा प्रदेश अचल नव्हताच. इथल्या भूकंपांमधले अंतर इतके मोठे होते की एकाही पिढीला मागच्याची आठवण उरत नव्हती.

आता ते घर पाहू. मराठवाड्यातल्या बऱ्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, वाड्याच्या तर तीन फुटांहूनही जाड. बाहेरून आणि आतून ओबडधोबड दगडांची एकेक पाख, दगड मातीत बसवलेले, मधल्या पोकळीत दगडाचे तुकडे आणि माती. दोन पाखांना शिवणारा आरपार दगड क्वचितच. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचे माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. बापाने दिला, आजोबाने दिला, त्याच्या बापानेही. काही माळवदे अशी दोन फुटांवर गेली होती. उन्हाळ्यात घर गार राहते, चोरापासून भीती नाही, आणि भिंत जितकी जाड तितका घराचा मान मोठा.

या घराला भेगेजवळचा धक्का कसा लागला? आधी उभ्या हादऱ्याने दगडांमधली माती सैल झाली. लागलीच आडवा झटका. बाहेरची पाख फुगून रस्त्यावर पडली, आतली घरात. भिंतीचे वजन हाच तिचा वैरी झाला, कारण जितके वजन तितकाच भूकंपाचा जोर तिच्यावर येतो. अनेक घरांत लाकडी सांगाडा आणि माळवद उभे होते, खाली भिंतींचा ढीग होता आणि ढिगात माणसे. पहिल्या दिवसांत मदतीला गेलेल्यांपैकी अनेकांना तोंडाला फडके बांधून दगडांइतकीच माती उपसावी लागली. दगडाखाली सापडलेला माणूस कधी वाचतो. त्या बारीक मातीत श्वासच कोंडतो.

आणि गावाच्या कडेला कुडाच्या, पाल्याच्या झोपड्या होत्या. त्यांतल्या बहुतेक टिकल्या, किंवा पडल्या तरी कोणाला लागले नाही. ज्याच्याकडे जाड भिंत बांधण्याइतके पैसे होते त्याच्या घरी मरण जास्त होते. मराठवाड्याच्या गावगाड्यात असा उलटा हिशेब क्वचितच झाला असेल.

सिमेंटच्या बांधकामांची कहाणी मिश्र होती. विटांच्या आणि सपाट स्लॅबच्या छोट्या खोल्या बऱ्याच ठिकाणी तग धरून राहिल्या. पण कवठा गावची पाण्याची उंच टाकी खांबांना गाडून सरळ खाली बसली. टाकी वर जड आणि खाली बारीक पायांवर. घरांपेक्षा तिचा झोका संथ, म्हणून तिला नडणारी थरथरही वेगळी. एकाच गावात एकच धक्का दगडी भिंतीला एका कारणाने पाडतो आणि टाकीला दुसऱ्या.

नुकसानीचा पट्टा मात्र विलक्षण अरुंद होता. तेरणा नदीच्या दोन्ही काठांवरची काही मोजकी गावे जमीनदोस्त. तिथून दहा-पंधरा किलोमीटरवर गेले की पडझड झपाट्याने कमी होत जाते. लातूर शहर चाळीसेक किलोमीटरवर, तिथे तडे आणि घबराट. हेच अंतराचे गणित.

सरकारी नोंदीत मृतांची संख्या सुमारे आठ हजार, काही अंदाजांनुसार दहा हजारांच्या घरात. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज उपनगराखाली ६.७ चा भूकंप झाला. ऊर्जेने तो किल्लारीच्या पाचपटीहून मोठा आणि तिथेही भेग शहराच्या खालीच होती. तिथले मृत साठाच्या आसपास. फरक घरांचा होता हे उघड आहे. पण नॉर्थरिजने अमेरिकेलाही धडा दिला. पोलादी इमारतींच्या सांध्यांना तडे गेले, पूल पडले, आणि भेगेजवळच्या त्या एकाच लांब झटक्यावर तिथल्या अभियंत्यांना नव्याने विचार करावा लागला. बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, कोबे शहराच्या खालून भेग सुटत गेली. ती शहराच्या दिशेनेच सुटली. उड्डाणमहामार्ग सहाशेवर मीटर लांबीत कलंडला आणि सहा हजारांवर माणसे गेली. या दोन भूकंपांनंतर अमेरिकेच्या १९९७ च्या बांधकाम संहितेत भेगेपासूनच्या अंतरानुसार वाढीव गुणांक आले.

या ज्ञानाची सुरुवात मात्र त्याआधीची. ९ फेब्रुवारी १९७१ ला कॅलिफोर्नियात सान फर्नांडो इथे भूकंप झाला. पकॉयमा धरणाजवळच्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट झटका नोंदवला. जवळचेच ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय नवेकोरे होते. तळमजला मोकळा, वरचे मजले भिंतींनी भक्कम. तळमजल्याचे खांब तिरके झाले आणि इमारत एका बाजूला सरकून उभी राहिली. बर्कलीच्या व्हितेल्मो बेर्तेरो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की क्षणभराचा मोठा आकडा त्या इमारतीला नडला नाही. तिला नडला त्यातला तो एक लांब, संथ झटका. खांब वाकतात, परत यायला त्यांना वेळच मिळत नाही. परभणी, नांदेडच्या रस्त्यांवर आज खाली मोकळे पार्किंग आणि वर चार-पाच मजले, अशा ज्या इमारती उठत आहेत, त्यांच्या आराखड्यावर सही करणाऱ्याने ऑलिव्ह व्ह्यूचे छायाचित्र एकदा पाहायला हरकत नाही.

कोयनेच्या पोटात यंत्र होते. किल्लारीच्या आसपास त्वरणमापक एकही नव्हता. ‘झोन एक’मध्ये यंत्र कोण बसवणार? म्हणून भूकंपशास्त्रातल्या एका महत्त्वाच्या घटनेची जवळून घेतलेली नोंदच नाही. खंडाच्या पोटातल्या, शांत समजल्या जाणाऱ्या भूभागात एवढा जीवघेणा भूकंप पुन्हा कधी आणि कुठे होईल कोण जाणे. कानपूरच्या आयआयटीतून आणि रुरकीहून आलेल्या पथकांना मग ढिगारेच वाचावे लागले. कुठली भिंत कुठल्या दिशेला पडली, खांब किती सरकला, टाकी कशी बसली. पडलेल्या घरांवरून हादऱ्याचा जोर अंदाजायचा आणि मग त्याच हादऱ्याने घरे का पडली ते सांगायचे, असे हे शास्त्र. त्याला दुसरा इलाज नव्हता.

पुनर्वसनाची कहाणी वेगळ्या लेखाची आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याने मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली. पुष्कळ संस्थांनी एकेक गाव दत्तक घेतले. याशिवाय लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण ठरले: आरपार दगड घालणे, खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवणे, माळवदावरची माती कमी करणे. नव्या गावांत रुंद रस्ते आणि लांब लांब रांगा आल्या, ओसरी गेली, भावकी विखुरली. लोकांना दगडाचीच भीती बसली. घरात दगड नको, सिमेंट द्या, असे ते म्हणू लागले. ही भीती समजण्यासारखी होती, पण तिने एक खरी गोष्ट झाकली. दोष दगडात नव्हता, तो बांधण्याच्या रीतीत होता. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्यूरोने कमकुवत दगडविटांच्या घरांसाठी आयएस १३८२८ हे मार्गदर्शक मानक काढले. त्यात दगडी घर सुरक्षित कसे करायचे ते साध्या आकृत्यांसह दिले आहे. खेड्यातल्या किती गवंड्यांपर्यंत ते पोचले, हा प्रश्न आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी स्वतःला विचारावा. २००२ मध्ये मानकाची सुधारित आवृत्ती आली. ‘झोन एक’ ही श्रेणीच काढून टाकली गेली आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या श्रेणीत गेला.

पालमच्या वाचकाला इथवर वाटू शकते की हे सारे तेरणेकाठचे, गोदाकाठचे नव्हे. पण २००७ च्या सुमारास नांदेड शहराला बारीक धक्क्यांच्या मालिका जाणवल्या आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तिथे यंत्रे लावली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि शेजारच्या गावांतून जमिनीतल्या गूढ आवाजांच्या तक्रारी बरीच वर्षे येत आहेत. त्यात गूढ काही नाही. अगदी उथळ, बारीक भूकंपाची भरभर थरथर हवेत शिरते आणि कानाला गडगडाटासारखी ऐकू येते. हा आवाज ऐकू येतो तोच मुळी भेग जवळ असल्याने.

मग २१ मार्च २०२४. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ चा धक्का आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. हिंगोली, नांदेड, परभणी तिन्ही जिल्ह्यांत लोक घराबाहेर धावले. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणीचाच भाग होता, म्हणजे हे भूकंप जुन्या परभणी जिल्ह्याच्याच पोटात झाले. पालमपासून ते ठिकाण साठ-सत्तर किलोमीटर, किल्लारीच्या साधारण निम्म्या अंतरावर. ४.५ च्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या तुलनेत साडेतीनशेव्या हिश्शाइतकी. त्यामुळे हानी थोडक्यात निभावली, काही घरांना तडे गेले. यावरून पुढे मोठा भूकंप येणार असा अर्थ काढणे चूक, आणि येणारच नाही असे म्हणणेही तितकेच चूक. भूकंपाचा दिवस सांगणारे शास्त्र आज जगात कुठेही नाही, आणि व्हॉट्सॲपवर येणारे भाकीत त्याची जागा घेऊ शकत नाही.

पालम आणि गोदाकाठच्या खेड्यांत दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची घरे अजून आहेत. काही वाड्यांत माणसे राहतात, काहींत नुसता कडबा आणि जनावरे. पैसा आला की पुढचा भाग सिमेंटचा होतो आणि जुनी जाड भिंत मागे तशीच राहते, नव्या स्लॅबचे एक टोक तिच्यावर टेकवलेले. हे सगळ्यांत वाईट. पाया आणि भिंत जुनी, माथ्यावरचे वजन नवे.

हे सुधारायला फार मोठा खर्च लागत नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी जाड माती उतरवून घ्या. भिंतीला दर दोन-तीन हातांवर आरपार दगड किंवा काँक्रीटचा गोळा घालायला गवंड्याला सांगा. खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना सलग फिरणारा सळईचा पट्टा घ्या आणि कोपऱ्यांत तो तोडू देऊ नका. झोपायची खाट जाड भिंतीच्या बुडाशी लावू नका. आणि यापुढे कधी धक्का जाणवला तर रिश्टरचा आकडा विचारून झाल्यावर केंद्र आपल्या गावापासून किती किलोमीटरवर होते, तेही विचारा.